नव्या कोचकडून आम्ही काय मागावे

डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाला चवथ झाल्यावर नवा कोच मिळाला. क्लब लहान आहे. गोवा फुटबॉल असोसिएशनच्या द्वितीय विभागात तो खेळतो आणि गेल्या हंगामात तृतीय विभागात घसरण्याची नामुष्की शेवटच्या सामन्यातील बरोबरीने कशीबशी टळली. त्यानंतर जुन्या सरांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिल्याचे समितीने कळवले. ही कारणे कितपत वैयक्तिक होती हे गावात सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. नवे सर तिशीतले आहेत, शेजारच्या सत्तरी तालुक्यातले आहेत, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे 'सी' लायसन्स त्यांच्याकडे आहे आणि स्वतः ते बॅक म्हणून प्रथम विभागापर्यंत खेळलेले आहेत. एवढ्या भांडवलावर गावाने त्यांच्यावर ज्या आशांचा भार टाकला आहे, तो पाहून मला त्यांची काळजी वाटते.

तिठ्यावरच्या हॉटेलात सकाळी भाजी-पाव खाताना जी चर्चा चालते तिचा सारांश असा, की यंदा प्रथम विभागात जायचे, पुढच्या वर्षी तिथे टिकायचे आणि मग गोव्यातल्या सर्वांत वरच्या प्रो लीगकडे बघायचे. आम्ही प्रो लीगमध्ये पोचलो तर सामने म्हापशाच्या धुळेर मैदानावर पडतील की फातोर्ड्याला, यावरही परवा वाद झाला आणि तो बराच तापला. मीही त्या टेबलावर बसतो, त्यामुळे मला हसण्याचा अधिकार नाही. तरी या आशेचा उगम कशात आहे हे एकदा नीट पाहावे असे वाटते, कारण तो नव्या सरांच्या गुणांत नाही. त्या बिचाऱ्यांनी अजून एकही सामना खेळवलेला नाही.

आमच्या भागातील फुटबॉल खाणीच्या पैशावर चालत असे. धेंपो, साळगावकर, सेझा ही खाण कंपन्यांच्या क्लबांची मोठी नावे सर्वांना माहीत आहेत, पण डिचोली आणि सत्तरीतल्या लहान क्लबांनाही त्याच व्यवसायाचा आधार होता. जर्सींचा खर्च एखादा ट्रकमालक करी, सामन्याला जायची बस दुसरा देई, आणि खाणीवर नोकरीला असलेल्या पोरांना सामन्याच्या दिवशी लवकर सुटी मिळे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, मध्यंतरी सुरू झालेला व्यवसाय मार्च २०१८ मध्ये पुन्हा ठप्प झाला. अलीकडे लिलाव होऊन काही खाणी चालू झाल्या आहेत, पण गावातल्या क्लबाला हात देणारे ते ट्रकमालक मधल्या काळात बँकेचे हप्ते फेडता फेडता थकले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून आमच्या क्लबात जे काही बदलायला पैसा लागतो ते बदललेले नाही. मैदान तेच, चेंडू ठेवायची खोली तीच, गोलच्या जाळ्यांना मारलेल्या गाठीही त्याच. बिनपैशात बदलता येते असे एकच पद क्लबात आहे, आणि ते कोचचे. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तेच बदलते, आणि मैदानाला, जाळ्यांना, बसला लागणारी सगळी आशा त्या एका माणसाच्या खांद्यावर जाऊन बसते.

मोठ्या क्लबांचा अनुभव पाहिला तरी कोच बदलण्यातून नेमके काय निघते हे सांगणे कठीण आहे. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने पहिल्याच हंगामासाठी, २०१४ मध्ये, ब्राझीलच्या झिको यांना कोच म्हणून आणले. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत गेला, २०१५ मध्ये अंतिम फेरीत पोचला, आणि फातोर्ड्याच्या त्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत आघाडी घेऊनही चेन्नईयिनकडून २-३ असा हरला (तो शेवट ज्यांनी स्टेडियममध्ये बसून पाहिला त्यांच्यापुढे मी आजही हा विषय काढत नाही). २०१६ मध्ये तेच झिको होते आणि संघ आठांत आठवा आला. पुढे २०२१ मध्ये हुआन फेरांदो यांच्या हाताखाली संघाने ड्युरँड कप जिंकला, त्याच डिसेंबरात ते कोलकात्याच्या संघाकडे गेले, डेरिक परेरांसारख्या जाणत्या गोमंतकीय कोचने सूत्रे हाती घेतली, आणि हंगाम नवव्या स्थानावर संपला. उलट २०२० च्या सुरुवातीला हंगाम शेवटाकडे आलेला असताना सेर्जिओ लोबेरा यांना काढण्यात आले, क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरती जबाबदारी घेतली आणि लीगची शील्ड गोव्यालाच मिळाली. या तीन गोष्टींतून कोणाला जो नियम काढायचा असेल तो काढता येतो. हॉटेलातल्या आमच्या टेबलावर तिन्ही काढले जातात.

नेदरलँड्समधील वरच्या लीगच्या १९८६ ते २००४ या हंगामांवर एका अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला होता. कोच बदलल्यावर संघांची कामगिरी सुधारलेली दिसते, हे त्यात आढळले. पण तशीच पडझड झालेल्या आणि तरीही कोच न बदललेल्या संघांची कामगिरीही जवळपास तेवढीच सुधारली होती. याचे कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. कोचला काढतात ते संघ तळाला गेलेला असताना. चार सामने ओळीने हरलेला संघ पाचवा बहुधा बरोबरीत सोडवतोच, आणि त्याचे श्रेय त्या वेळी बाकावर जो बसलेला असतो त्याला मिळते. आमच्या नव्या सरांनाही पहिल्या दोन सामन्यांत असे फुकटचे श्रेय मिळेल, असा माझा अंदाज आहे. भीती आहे ती त्यानंतरच्या चार सामन्यांची.

दुसऱ्या बाजूला आर्मांदो कुलासो यांचे उदाहरण आहे आणि ते गोव्यातल्या कोणालाही विसरता येणार नाही. धेंपोने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्या सर्व वेळी कोच तेच होते, आणि त्या क्लबाने त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ ठेवले. धेंपोकडे पैसा होता, चांगले खेळाडू होते, हे खरे. पण पैसा आणि खेळाडू असलेल्या इतर क्लबांनी त्याच काळात किती कोच बदलले हे आठवले म्हणजे त्या सातत्याची किंमत कळते. आमच्याकडे पैसा नाही. सातत्याला पैसा लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

नव्या सरांचा सराव मी गेल्या आठवड्यात संध्याकाळी जाऊन पाहिला. आमचे मैदान देवस्थानाच्या जागेत आहे; जत्रेला तिथे फेरी भरते, खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांसाठी बांबू रोवले जातात, आणि ते खड्डे नंतर तांबड्या मातीने बुजवले तरी उजव्या बाजूच्या पेनल्टी बॉक्सजवळ चेंडू कसा उसळेल याचा भरवसा राहत नाही. या मैदानावर वर्षानुवर्षे आमचा खेळ एकाच पद्धतीचा राहिला आहे: गोलकीपरने किंवा बॅकने चेंडू उंच मारायचा आणि पुढच्या उंच पोराने डोके लावायचे. नव्या सरांनी पहिल्या दिवशी मैदानावरून स्वतः चालत फिरून कुठे गवत आहे आणि कुठे नाही ते पाहिले, डाव्या कोपऱ्यातील त्यातल्या त्यात सपाट तुकड्यावर चुन्याने एक चौकोन आखला, आणि गोलकीपर, दोन सेंटर बॅक व एक हाफ अशा चौघांना दोन स्पर्शांत चेंडू पुढे द्यायला लावले. पाऊण तास तेच. चेंडू चौकोनाबाहेर गेला की ते ओरडत नव्हते. थांबवून फक्त एवढेच विचारत, की पास यायच्या आधी तू कुठे बघत होतास. गोलकीपरला पहिल्यांदा उत्तर देता आले नाही. पाचव्यांदा सरांनी विचारण्याआधीच त्याने मान वळवलेली होती.

चिऱ्यांच्या कठड्यावर बसलेल्या आमच्या मंडळींना हे पाहवेना. एक ज्येष्ठ काका, ज्यांनी गावचा एकही घरचा सामना चुकवलेला नाही, शेवटी उभे राहून म्हणाले, "सर, आमकां गोल जाय, पास नाकात!" (आम्हाला गोल हवेत, पास नकोत!) सगळे हसले, सरही हसले, आणि म्हणाले, "काका, गोलच शोधतोय, पण खालून." काकांना ते पटले असे वाटले नाही. मला स्वतःला पटले, कारण गेल्या हंगामात आम्ही जे सामने हरलो त्यांतले बहुतेक शेवटच्या वीस मिनिटांत हरलो. उंच मारलेला चेंडू पुढे टिकत नाही, तो लगेच परत येतो, बॅकना पुन्हा धावावे लागते, आणि कामाची पाळी करून आलेली पोरे सत्तराव्या मिनिटापर्यंत गळून जातात. ज्याला चेंडू स्वतःकडे ठेवता येतो त्याला कमी धावावे लागते, इतका हा साधा हिशेब आहे.

पाळीचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा. आमच्या पहिल्या अकरांपैकी निम्म्याहून अधिक मुले डिचोली, होंडा किंवा पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतींत कामाला जातात, आणि दोघे २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर आहेत. तिन्ही पाळ्यांत विभागलेला संघ एकाच वेळी मैदानावर आणणे हे डावपेच शिकवण्याहून अवघड काम आहे. जुन्या सरांनी त्यापुढे हात टेकले होते. जे येतील त्यांचा सराव घ्यायचा, असे चालले होते. नव्या सरांनी प्रत्येकाच्या पाळीचा महिन्याचा कागद मागवला आहे आणि सकाळी साडेपाचला एक, संध्याकाळी एक असे दोन गट केले आहेत. गट दोन म्हणजे सरांची मेहनत दुप्पट आणि मानधन तेच. हे किती महिने चालेल, हा प्रश्न मला प्रथम विभागाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून माझ्या आशा तिठ्यावरच्या आशांपेक्षा लहान आहेत. शेवटच्या वीस मिनिटांत आम्ही गोल खाणे कमी व्हावे. पंधरा वर्षांखालील मुलांचा बंद पडलेला संघ पुन्हा उभा राहावा. गावात मुले आहेत, शाळा सुटल्यावर कापणी झालेल्या शेतात ती अनवाणी खेळतात, आणि त्यांतली बरी दोन-तीन दर वर्षी मोठ्या क्लबांच्या निवड चाचणीला जातात, तिथून परत आली की फुटबॉल सोडून देतात. त्यांना परत यायला जागा असावी. संघ कुठल्या स्थानावर संपेल याबद्दल मी काही मागत नाही. खालून तिसरे आले तरी चालेल, मात्र शेवटच्या दिवसापर्यंत श्वास रोखून बसावे लागू नये, एवढे वाटते.

समर्थक म्हणून आमची एक खोड आहे आणि तिचा त्रास नव्या सरांना होणार आहे. गोलकीपरने जवळचा पास दिला आणि तो चुकला, तर कठड्यावरून जो आवाज उठेल तो त्या पोराला पुढच्या वेळी चेंडू उंच मारायला लावेल, आणि मग चुन्याचा तो चौकोन वाया जाईल. असा गोल आम्ही पहिल्या महिन्यात नक्की खाणार आहोत. तेव्हा गप्प राहायचे असे मी काकांकडून कबूल करून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांनी एका गोलापुरते कबूल केले आहे.

क्लबाची वार्षिक सभा येत्या रविवारी देवळाच्या सभागृहात आहे. नव्या सरांना दोन हंगामांचे लेखी पत्र द्यावे आणि मधल्या काळात निकालांवरून त्यांना हटवू नये, असा ठराव मी मांडणार आहे. दोन जुन्या खेळाडूंनी अनुमोदन द्यायचे मान्य केले आहे. खजिनदारांचा विरोध नाही. पण दुसऱ्या हंगामाचे मानधन कुठून द्यायचे ते ठरावातच लिहा, असे त्यांनी बजावले आहे, आणि ती ओळ मला अजून सुचलेली नाही.