कागदावरची घरं

परवा रात्रपाळीला एका काकांचा ईसीजी काढला. डायलिसिसची एक पाळी चुकलेली, हातापायांत जोर नाही म्हणून मुलगा घेऊन आला होता. पट्टीच्या कोपऱ्यात मशीननं छापलं, १४२. सोबतची शिकाऊ मुलगी घाबरलीच, "सिस्टर, एवढे ठोके?" मी काकांचं मनगट धरलं. नाडी सत्तरच्या आसपास.

पट्टी टेबलावर पसरली आणि तिला म्हटलं, मोज. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान घर १ मिलिमीटरचं, म्हणजे ०.०४ सेकंद. पाच लहान घरांचं एक मोठं, ०.२ सेकंद. म्हणजे मिनिटाला मोठी घरं ३००, लहान १५००. आर म्हणजे प्रत्येक ठोक्याची उंच, टोकदार लाट. एका आरच्या टोकापासून पुढच्या आरच्या टोकापर्यंत जितकी घरं, तितक्यांनी भागायचं. घाईत भागाकार सुचत नाही, तेव्हा जाड रेघेवर पडलेला आर शोधायचा आणि पुढच्या जाड रेघांवर बोट ठेवत म्हणायचं, ३००, १५०, १००, ७५, ६०, ५०. मला हे पाढ्यासारखं पाठ आहे.

तिनं पेन्सिलीच्या टोकानं मोजलं. चार मोठी घरं आणि वर एक लहान, म्हणजे २१. १५०० भागिले २१, ७१. मग १४२ आले कुठून? म्हटलं, टी बघ, आरच्या मागून येणारी लाट. तंबूसारखे उंच, टोकदार, पार आरच्या उंचीला टेकलेले. मशीननं प्रत्येक टीसुद्धा ठोका म्हणून धरला होता. असे टी दिसले की रक्तात पोटॅशियम वाढल्याची शंका आधी घ्यायची. डॉक्टर धावत आले, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासणीला गेलं. पोटॅशियम वाढलेलंच निघालं. पहाटे काका डायलिसिसला गेले.

एक मात्र सांगायलाच हवं. लय अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा) असते तशी, तर दोन आरमधलं अंतर धरून भागू नका, दर वेळी वेगळं उत्तर येईल. खालची लांब पट्टी, लीड टूची (ईसीजीतल्या एका कोनातून घेतलेली), बहुधा १० सेकंदांची असते. तिच्यातले सगळे आर मोजा, सहानं गुणा. आणि कडेला छापलेला कागदाचा वेग वाचा. चुकून ५० वर ठेवलेला असला तर ८० ठोक्यांचा माणूस ४० चा दिसतो.

दुसऱ्या रात्री काकांची पुन्हा पट्टी काढली. टी खाली बसलेले, मशीनचा आकडा ७४. तरी तिनं पेन्सिल काढलीच.