आईच्या मशीनचा पट्टा

काल दुपारी उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण मारायला बसले आणि मशीनचा पट्टा सटकला. पट्टा सटकणं ही काही बातमी नाही. वाकायचं, मोठ्या चाकावर तो पुन्हा चढवायचा, हाताला लागलेलं काळं जवळच्या चिंधीला पुसायचं आणि पुढे चालू. पण काल तो हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. चामड्याचा, करंगळीहून बारीक, दोन टोकं तारेच्या आकड्यानं जोडलेली. मशीन आईचं. पट्टा अर्थातच तेव्हाचा नाही, मधे चार-पाच तरी बदलून झाले असतील. आकड्याची बोटाला टोचायची खोड मात्र तीच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात जे जे पडतं ते सगळं त्यांच्या गळ्यात होतं. फळ्यावरचे सुविचार, गॅदरिंगचे पडदे, गणपतीची आरास आणि ‘मशीन’. मशीन म्हणजे शाळेचा १६ एमएमचा प्रोजेक्टर. त्यामुळे आमच्या घरात ‘मशीन बिघडलंय’ म्हटलं की कोणी म्हटलं ते आधी बघावं लागे. अण्णांनी म्हटलं तर ते, आईनं म्हटलं तर हे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लागायच्या. तरी कौलातून एखादा उन्हाचा कवडसा यायचाच आणि नेमका पडद्यावर येऊन बसायचा. सिनेमा कसला, तर सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट. धरणं, टोळधाड, देवीची लस. पण अंधारात बसायला मिळतंय म्हटल्यावर टोळधाडसुद्धा गोड लागते.

मला मान होता. मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचा. त्या बदल्यात काम एकच, लूपवर डोळा ठेवायचा.

फिल्म भरताना अण्णा कोणाशी बोलत नसत. वरच्या रिळातून फिल्म काढायची, दातेरी चाकावर तिची भोकं बसवायची, मग एक सैलसर कमान सोडायची, मग गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या खिडकीतून, खाली घ्यायची. गेटच्या खाली पुन्हा तशीच कमान. पुढे आवाजाच्या ढोलाला वळसा, पुन्हा दातेरी चाक आणि शेवटी खालचं रीळ. मग दिवा न लावता बाजूची गोल मूठ हातानंच दोन-तीन वेळा फिरवून बघायची. त्या दोन कमानी म्हणजे लूप. दातेरी चाकं एकसारखी फिरत असतात, पण गेटमध्ये फिल्मला सेकंदाला २४ वेळा थांबायचं असतं. थांबली तरच चित्र दिसणार. एक लहानसा आकडा भोकात शिरतो, एक चौकट खाली ओढतो, बाहेर येतो, वर जातो, पुन्हा शिरतो. ओढाओढी चालू असताना समोरून पातं फिरून उजेड झाकतं, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. चाकांचं न थांबणं आणि गेटमधलं थांबणं यांच्यामध्ये ती सैल कमान नसेल तर फिल्म फाटायचीच.

लूप गेला की आधी कानाला कळे. टकटक अशी नेमकी चाललेली मशीन एकदम दातखीळ बसल्यासारखी तडतडायची, आणि पडद्यावरच्या पाहुण्यांना हुडहुडी भरायची. मी ओरडायचे, “अण्णा, लूऽप!” मागून सगळा हॉल ओरडायचा, “लूऽप!” सहावी ‘ब’मधल्या निम्म्या मुलांना तो इंग्रजी शब्द शिकवायची वेगळी गरज पडली नसेल. खालचा लूप घाईत मोठा पडला तर वेगळीच गंमत. आवाज फिल्मवर चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, तो त्या हिशेबानंच ढोलापाशी पोचावा लागतो. मंत्रिमहोदय तोंड मिटून खाली बसायला लागायचे आणि त्यांचे शेवटचे दोन शब्द त्यांच्यामागून यायचे.

तर अजूनही मला काही ताणलेलं बघवत नाही. दोरीवर पातळ वाळत घातलं तरी मधे झोळ लागतो. चार्जरची वायर भिंतीपासून फोनपर्यंत सरळ रेषेत दिसली की मी उठून फोन अलीकडे सरकवते. घरातले म्हणतात, हिला लूप लागलाय.

बिघाड बाकी साधेच असत. गेटमध्ये केस अडके आणि पडद्यावर दोरखंडाएवढा होऊन कोणाच्या तरी नाकावर थरथरत राही. गेटवर फिल्मचा चिकट मळ बसे, तो अण्णा जुन्या टूथब्रशनं काढत, नाहीच निघाला तर बांबूच्या काडीनं. ब्लेड लावू देत नसत. गेटवर एक ओरखडा पडला की तो येणाऱ्या प्रत्येक फिल्मवर रेघ मारत बसणार. खेळ संपला की दिवा बंद करून पंखा चालू ठेवायचा, आणि दिवा निवेपर्यंत अण्णा शेजारी बसून राहायचे. त्यांनाच ऊन बाधल्यासारखं तोंड करून.

एका शुक्रवारी संध्याकाळी खालच्या रिळाचा स्प्रिंगचा पट्टा तुटला. तो तुटला की रीळ फिरत नाही आणि फिल्म जमिनीवर शेवयांसारखी पडत जाते. तालुक्याच्या गावात तसला पट्टा मिळायचा नाही. अण्णांनी रात्री जेवण झाल्यावर घरात नजर फिरवली. सकाळी आई शिवायला बसली तर मशीनची दोन्ही चाकं मोकळी.

“अहो, पट्टा?”

“आजच्या दिवस. परत आणतो.”

“मावशीच्या पोरीचं लग्न आहे सोमवारी. ब्लाउजला नुसते हात लावायचेत.”

अण्णा काही बोलले नाहीत, कारण पट्टा त्यांनी रात्रीच कापला होता. शिवणाच्या मशीनचा पट्टा केवढा लांब, प्रोजेक्टरला त्याच्या निम्माही लागत नाही.

पहिल्यांदा त्यांनी तो घट्ट बसवला आणि पाच मिनिटांत फिल्मची भोकं फाटली. कारण रीळ भरत जातं तसं ते हळू हळू फिरायला हवं, म्हणजे पट्टा थोडा घसरला पाहिजे. मग त्यांनी आकडा उलगडला, दीड बोट ढील दिली, आणि त्या चामड्यानं धरणावरचा माहितीपट तिसऱ्या दरवाज्यापर्यंत विनातक्रार ओढला. पुढे स्प्रिंगचा पट्टा पुण्याहून आला, तरी अण्णांनी तो लावला नाही. म्हणाले, चामडं समजूतदार आहे. ब्लाउजचे हात आईनं हातशिलाईनं लावले. आईच्या मशीनला नवा पट्टा यायला पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत ती अण्णांना चहा देताना कप जरा जोरात ठेवायची, एवढंच.

आपल्याकडे सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो मुंबईत, १८९६ सालच्या ७ जुलैला, वॉटसन हॉटेलात, सिनेमाचं यंत्र बनवणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसानं. फार पुढे मी वाचलं की फिल्म थांबवत थांबवत ओढायची कशी, या कोड्याचं उत्तर लुई ल्युमिएरला शिवणाच्या मशीनवरून सुचलं. सुईच्या पायाखालचे दाते वर येतात, कापड टाकाभर पुढे सारतात, खाली बसतात. कापड थांबलेलं असतानाच सुई आत जाते. वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले. म्हणजे सिनेमावाल्यांकडे मूळ रक्कम थकलेलीच होती. आमच्या घरातून गेलेला पट्टा हे नुसतं व्याज. अण्णांना हे सांगायला हवं होतं, पण तोवर ते नव्हते.

आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, “मग? त्यात काय नवीन? दोन्ही मशीनच.” थोड्या वेळानं म्हणाली, “कसलं चित्र होतं गं ते, पट्ट्याचं?”

धरणाचं, मी म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शाळेतले ते खेळ मास्तरांनी बघितले, शिपायांनी बघितले, खिडकीच्या सतरंजीच्या फटीतून गावातल्या पोरांनी बघितले. आईनं एकही बघितला नव्हता. तिला कोणी ‘चल’ म्हटलं नाही आणि तीही कधी आली नाही. शनिवारी त्या वेळी ती भाकऱ्या करत असायची.

“पाणी सोडतात तेव्हा बघण्यासारखं होतं,” मी सांगितलं. तिनं एक शेंग उघडली, आत दोनच दाणे निघाले.

अभ्रा अर्धाच राहिलाय. पट्टा सैल झालाय, एक बोट कापून आकडा पुन्हा टोचायला हवा. पण कात्री हातात घेतली की वाटतं, असू दे.