तख्त-ए-जमशीदचा कावडवाला

इराणात आम्ही मायलेकी बारा दिवस होतो. तेहरान, इस्फहान, यझ्द सगळं पाहिलं, सगळं छान होतं. पण मला लिहायचंय ते एका दगडी माणसाबद्दल.

आधी चिडचिड. नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या सुट्टीत तख्त-ए-जमशीदला, म्हणजे पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या अवशेषांकडे, जाऊ नये. शिराझपासून जेमतेम साठ किलोमीटर, पण त्या दिवशी अख्खं इराण तिकडेच निघालं होतं. प्रत्येक खांबापुढे कुणाचं तरी कुटुंब फोटोसाठी उभं. माझी ओढणी दर दोन मिनिटांनी डोक्यावरून घसरत होती. सल्ला देतेय खरी, पण तारखा मीच ठरवल्या होत्या, त्याही विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून. आई अजून ऐकवते.

मला धास्ती होती ती तिच्या गुडघ्यांची. वर जायला दोन बाजूंनी 111-111 पायऱ्या. पण एकेक पायरी चार बोटं, फार तर दहा सेंटिमीटर उंच. हल्ली त्यांवर लाकडी फळ्या टाकल्यात. हे बांधकाम इराणी सम्राट दारयवहूने, म्हणजे पहिल्या दरायसने, इसवी सनपूर्व 518 च्या सुमारास सुरू केलं. लांब झगे घातलेल्या सरदारांना ऐटीत चढता यावं म्हणून पायऱ्या बुटक्या, असं आमचा गाइड म्हणाला. "छे, बांधणाऱ्याची आई म्हातारी असणार," आई म्हणाली आणि न थांबता वर पोचली.

गाइड तसा चांगला होता, पण इसवी सनपूर्व 330 मध्ये हे सगळं जाळणाऱ्या सिकंदरावर तो भर उन्हात वीस मिनिटं संतापला. अपादाना, म्हणजे दरबाराच्या दालनाचे 72 खांब होते, आता 13 उभे आहेत. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की आई खांब मोजायला लागली.

मग पूर्वेचा जिना आला. वर छप्पर, पुढे दोरी. शतकानुशतकं मातीखाली गाडलेला हा जिना 1930 च्या दशकात उकरून काढला, म्हणून दाढीची वेटोळीसुद्धा शाबूत आहेत. साम्राज्यातल्या 23 प्रदेशांचे लोक राजासाठी भेटी घेऊन ओळीने चाललेत. दोन गटांच्या मधे एकेक सरूचं झाड. प्रत्येक गटाच्या मुख्याचा हात दरबारातल्या माणसाने धरलाय. पाहुणा चुकू नये म्हणून धरावा तसा.

"हिंदुस्थानी कुठेत?" मी विचारलं. गाइडला सिंह-बैलाच्या झुंजीच्या शिल्पाकडे जायची घाई. मी हट्टाने थांबले, पण सापडले ते आईला.

"अगं, हा बघ कावडवाला!"

खरंच कावड होती. खांद्यावर आडवा दांडा, दोन्ही टोकांना टोपल्या, टोपल्यांत छोटी भांडी. उघडं अंग, कमरेला धोतरासारखं वस्त्र, पाय अनवाणी. मुख्याच्या पायात तेवढ्या वहाणा. मागे एकजण गाढव हाकतोय, शेवटच्याच्या हातात दोन कुऱ्हाडी. बाकीच्या देशांचे घोडे, उंट, रथ बघून हा ऐवज गरिबाचा वाटतो. पण त्या भांड्यांत सोन्याची भुकटी असावी, असं अभ्यासक मानतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने हिंदची वर्षाची खंडणी 360 टॅलेंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी अशी लिहून ठेवलीय.

हे लोक सिंधूकाठचे, आपल्या दख्खनशी त्यांचा संबंध नाही. जुन्या पर्शियन लेखांत त्या प्रदेशाला हिंदुश म्हटलंय. सिंधुचं हिंदु, तसंच सप्ताचं हप्ता. दरमहा घराचा हप्ता भरताना हे कधी सुचलं नव्हतं.

गाइडलाही आता उत्साह आला. इथेच मातीच्या हजारो पाट्या सापडल्यात, मजुरांच्या आणि प्रवाशांच्या शिध्याच्या नोंदींच्या. हिंदुशहून सूसाला, म्हणजे साम्राज्याच्या दुसऱ्या राजधानीला, ये-जा करणाऱ्यांकडे मोहोरबंद पत्र असायचं, ते दाखवलं की वाटेतल्या कोठारातून पीठ मिळायचं.

"पीठ मिळायचं, पण भाकरी थापून कोण द्यायचं?" आई म्हणाली. तिच्या पिशवीत बारा दिवसांच्या दशम्या आणि मेतकूट होतं. सोबत लिंबाचं लोणचंही, तेलाने माझ्या पासपोर्टाचं कव्हर डागाळणारं.

परतताना टॅक्सीवाला पैसे घेईना. "काबेल नदारे," म्हणजे हे काही तुमच्या लायकीचं नाही. मी आनंदाने पैसे पर्समध्ये ठेवून उतरले. ही नुसती बोलायची रीत, तीनदा आग्रह करून द्यायचेच असतात, हे हॉटेलवाल्याने सांगेपर्यंत तो बिचारा दारातच घुटमळत होता. धावत जाऊन पैसे दिले. लाजेने रात्री जेवण गेलं नाही.

आई मात्र मजेत होती. तिचं माहेर सासवडचं. चैत्रात तिथून शिखर शिंगणापूरला तेल्या भुत्याची कावड निघते, मुंगी घाटातून चढते. हॉटेलच्या वायफायवर तिने मामाला फोन लावला.

"अरे, इकडेपण आपल्यासारखी कावड आहे. अडीच हजार वर्षांची... नाही रे, पाण्याची नाही, सोन्याची."