हूक रिकामाच राहू दे

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका शुक्रवारी चोर बाजारात गेलो होतो, घरी सांगितलेलं की कपाटासाठी पितळी कड्या बघायला चाललोय, आणि कड्या खरंच बघितल्या हां, पण शेजारच्या गाळ्यात एका फुटक्या रेडिओच्या मागे ते दिसलं. पांढरं-निळं, वीतभर लांबीचं, जड. उचलल्यावर हाताला जो गारवा लागला ना तिथेच कळलं की प्लास्टिक नाही, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम आहे, डायकास्ट. उलटं केलं तर पोटावर डिंकी टॉईज, मेड इन इंग्लंड. सी किंग हेलिकॉप्टर!

आता चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, हा चोर बाजाराचा पहिला नियम. मी तोंड वाकडं करून म्हटलं "चाचा, ये तो टूटा हुआ है". ते म्हणाले "टूटा नहीं है, पुराना है". यावर काय बोलणार. किंमत सांगत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिंकी म्हणजे लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची खेळणी. कंपनीचा कारखाना १९७९ ला बंद पडला. त्यांचे काही जुने साचे आपल्याकडे आले होते आणि कलकत्त्यात त्यातून निकी टॉईज नावाने गाड्या निघायच्या, त्या आता मूळ डिंकीइतक्याच हौसेने शोधतात लोक. पण सी किंग तिकडचंच. नंबर ७२४, १९७१ पासून सत्तरचं दशक संपेपर्यंत बाजारात होतं. बॅटरीवर मोटर चालायची, वरचा पंखा फिरायचा, आणि खाली दोरी सोडणारी विंच, तिला हूक. त्या हूकला लटकवायला सोबत एक छोटी अपोलो कॅप्सूल यायची, म्हणजे चंद्रावर गेलेल्या यानाचा तो भाग, ज्यात बसून माणसं परत आली.

माझ्यात कॅप्सूल नाही. हूक आहे, दोरा आहे (मूळचा नसावा, पतंगाचा वाटतोय), कॅप्सूल गायब. मोटर मेलेली, आणि बॅटरीच्या जागी कोणीतरी सेल तसाच ठेवून विसरल्यामुळे हिरवट-पांढरी भुकटी माजलेली. दोन संध्याकाळी व्हिनेगर आणि कानात घालायच्या काड्या घेऊन बसलो तेव्हा तांब्याची पट्टी दिसायला लागली. मोटर अजून चालत नाहीये, चालेल असं वाटतही नाही, पण पंखा बोटाने फिरवला की छान फिरतो. रंग अजिबात लावणार नाही. जे लोक पन्नास वर्षांच्या मॉडेलवर स्प्रे मारून नवंकोरं करतात त्यांच्याशी माझं पटत नाही, ओरखडे असू देत की, कोणीतरी खेळलंय त्याच्याशी.

आमच्या घरात सी किंग हा शब्द नवीन नाही. बाबा नेव्हल डॉकयार्डात सिव्हिलियन फिटर होते, तीस वर्षं. आणि कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, आता त्याला आयएनएस शिक्रा म्हणतात, आधी कुंजाली होतं, तर तिथून उडालेलं हेलिकॉप्टर बाबा न बघता आवाजावरून ओळखायचे. चेतक असेल तर लक्षही द्यायचे नाहीत, पण सी किंग आलं की "शिकिंग आलं बघ", सगळे डॉकयार्डवाले शिकिंगच म्हणायचे, आणि आम्ही नेव्ही डेच्या दिवसांत गेटवेला गर्दीत उभे राहून मान दुखेपर्यंत वर बघायचो. आपलं सी किंग म्हणजे अमेरिकन सिकॉर्स्कीचं डिझाईन, पण इंग्लंडच्या वेस्टलँडने बनवलेलं, मार्क ४२, आणि ते आपल्या नौदलात आलं तेही १९७१ लाच. खेळणं आणि खरं एकाच वर्षी, हे मला फार आवडलं. आता त्यांची जागा एमएच-६० रोमिओ घेतायत, चोवीस घेतलीत आपण, पण बाबांना विचाराल तर "त्याला तो आवाज नाय".

बरं, परत कॅप्सूलकडे. इंग्लंडमध्ये असे सुटे पार्ट नव्याने बनवून विकणारे लोक आहेत, तर मी कॅप्सूल मागवायचीच असं ठरवलं होतं, पोस्टेज आणि कस्टमचा हिशेबही झाला होता. ऑर्डर करायच्या आधी म्हटलं खऱ्याचे फोटो बघू, रंग तरी जुळतो का. आणि तिथे अडकलो.

खरं हेलिकॉप्टर म्हणजे अमेरिकन नौदलाचं एसएच-३डी सी किंग, नंबर ६६. २४ जुलै १९६९ ला अपोलो ११ पॅसिफिकमध्ये उतरलं तेव्हा आर्मस्ट्राँग, कॉलिन्स, ऑल्ड्रिन यांना याच ६६ ने उचललं. पण फक्त माणसांना! कॅप्सूल पाण्यात आधी उलटी झाली होती, मग हवेच्या पिशव्या फुगून सुलटी झाली, पाण्यात उतरलेल्या डायव्हर्सनी तिला भोवती फुगीर पट्टा बांधला, चंद्रावरचे जंतू येतील या भीतीने आत वेगळे सूट दिले, आणि बाहेरून दाराजवळ बेटाडिन चोळलं. हो, तेच, गुडघा फुटल्यावर आपण लावतो ते. मग एका जाळीत बसवून एकेकाला वर खेचलं आणि हॉर्नेट जहाजावर नेलं. कॅप्सूल मागे पाण्यातच डुलत राहिली, तिला नंतर हॉर्नेटच्या क्रेनने उचललं.

उचलणार कसं ना. कॅप्सूल पाच टनांच्या आसपास, आणि सी किंग हूकला फार तर साडेतीनेक टन लटकवू शकतं. अपोलोच्या आधीच्या, एकाच माणसाच्या मर्क्युरी मोहिमांच्या छोट्या कॅप्सूल हेलिकॉप्टरने खरंच उचलायचे, जेमतेम सव्वा टनाच्या होत्या त्या, पण त्यातही १९६१ ला ग्रिसम या अंतराळवीराच्या कॅप्सूलचं दार आधीच उडालं, आत पाणी भरलं, ओझं पेलवेना म्हणून हेलिकॉप्टरने शेवटी सोडून दिली. ती थेट तळाला. १९९९ ला वर काढली.

म्हणजे डिंकीवाल्यांनी पोरांना सरळ थाप मारली होती, आणि माझी तक्रार काही नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही मारली असती, हेलिकॉप्टर आहे, हूक आहे, मग काहीतरी लटकायला नको? पण मग माझ्या लक्षात आलं की चोर बाजारातलं माझं कॅप्सूल हरवलेलं, ज्याला कलेक्टर लोक अर्धी किंमत देतील असं मॉडेल, तेच बरोबर आहे. ऑर्डर कॅन्सल.

६६ चं पुढे काय झालं तेही वाचलं. अपोलो ८, १०, ११, १२, १३, एवढ्या मोहिमांचे अंतराळवीर त्या एका मशीनने उचलले. मध्येच नौदलाने तीन आकडी नंबर सुरू केले तर त्याला ७४० केलं, पण लोकांना ६६ च ठाऊक, म्हणून मोहिमेपुरतं रंगवून ६६ करायचे आणि परत आल्यावर पुन्हा ७४०. जून १९७५ ला रात्रीच्या सरावात सॅन डिएगोजवळ समुद्रात कोसळलं. अजून खालीच आहे. तेव्हा डिंकीचं खेळणं दुकानात मिळत होतं.

आणि एक, ते तिघं चंद्रावरून आल्यावर जगभर फिरले त्यात ऑक्टोबर १९६९ ला मुंबईतही आले होते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले "अपोलो बंदरावर उतरले काय?" हा त्यांचा जोक. अपोलो बंदर मूळचं पालवा बंदर वगैरे, ते पुन्हा कधीतरी.

परवा ऑफिसमधून आलो तर बाबा आणि माझी सहा वर्षांची पोरगी जमिनीवर. टीपॉय म्हणजे हॉर्नेट. लसणाच्या पिशवीची लाल जाळी कापून हूकला बांधलेली, आणि त्यात एकेक निळी सोंगटी घालून बाबा विंच फिरवतायत, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तोंडाने आवाज काढत, शिकिंगचा. चेतकचा नाही, मला फरक कळतो. तिसरी सोंगटी उचलली आणि पोरीने ओल्या कापसाने तिला पुसलं, जंतू असतात म्हणे.

लुडोच्या डब्यात आता निळ्या तीन सोंगट्या कमी आहेत. त्या म्हणे क्वारंटाईनमध्ये आहेत, रिकाम्या टूथपेस्टच्या खोक्यात, एकवीस दिवस.