पदर, जर आणि दहा कोटी पिक्सेल

मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा, घ्यायचा की नाही, याचं उत्तर मला रिव्ह्यू बघून मिळणार नव्हतं. त्यांत बर्फाचे डोंगर असतात, पापणीचे केस असतात. माझं पोट चालतं साड्या, दागिने आणि अधूनमधून एखाद्या चित्रकाराच्या कॅटलॉगवर. बॉडी, दोन लेन्स आणि तेवढ्या फाइली ओढू शकेल असा नवा कॉम्प्युटर मिळून कोटेशन आठ लाखांच्या पुढं गेलं होतं. म्हणून येवल्याच्या एका पैठणीवाल्यांचं काम आलं तेव्हा फुजीफिल्मचा जीएफएक्स 100एस II आणि 120 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स भाड्यानं उचलली, सोबत माझा नेहमीचा 61 मेगापिक्सेलचा सोनी घेतला आणि असिस्टंटला सांगितलं, आज प्रत्येक गोष्ट दोन्हींवर काढायची. त्यानं सगळं सामान गाडीतून उतरवता उतरवता मनात मला काय म्हटलं असेल ते असो.

मुख्य काम दोन प्रकारचं होतं. एक, मॉडेलला नेसवून काढायचे फोटो. ते वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. दुसरं, शेठच्या नव्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आठ फुटांचा पदर. पूर्ण पदर, अख्खा, आणि गिऱ्हाईक त्याच्या अगदी पुढ्यात उभं राहणार.

आता थोडा हिशेब, कारण 102 मेगापिक्सेल हा आकडा ऐकून माणूस उगाच दिपतो. फुजीचा सेन्सर 43.8 बाय 32.9 मिलिमीटरचा. (जुन्या 120 नंबरच्या फिल्म रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे फोटो काढलेली मंडळी याला मीडियम म्हणायलाच तयार नसतात. ते निगेटिव्ह 56 बाय 56 मिलिमीटरचं असायचं.) माझ्या सोनीचा सेन्सर क्षेत्रफळात याच्या साधारण तीनपंचमांश. पण दोन्हींचा एकेक पिक्सेल तेवढाच, 3.76 मायक्रॉनचा. म्हणजे पिक्सेलमागे काही जादू नाही, फक्त जागा जास्त. रुंदीत मोजलं तर 9504 च्या जागी 11648 पिक्सेल, जेमतेम 23 टक्के वाढ. एवढ्यासाठी आठ लाख? घरून निघताना माझं मत हेच होतं.

सकाळी गच्चीवर मॉडेलचं काम झालं आणि ते मत आणखी पक्कं झालं. कोवळं ऊन संपून कडक ऊन सुरू झालेलं. शेठना मागं येवल्याचं आकाश गडद हवं, मॉडेलवर फ्लॅश हवा. फुजीचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग, सेकंदाच्या 125 व्या भागापर्यंतच. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदना, अगदी कमी, 80 ठेवला तरी भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ 13 च्या आसपास जाऊन बसतं, म्हणजे लेन्सचं भोक बारीक होतं, आणि मागची सगळी पाण्याची टाकी, केबलच्या वायरी, डिशअँटेना लख्ख दिसायला लागतात. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावला तर जमतं, पण मग साधं कंपोझिशन करायलाही स्क्रीनवर डोळे ताणावे लागतात. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच शटर असतं, त्यांच्या एक्स2डी कॅमेऱ्यावर फ्लॅश सेकंदाच्या 2000 व्या भागालाही चालतो. असल्या कामाला तो खरा. पण तो आमच्या दोघांच्याही बजेटच्या बाहेरचा विषय.

शिवाय मॉइरे. रेशमाची वीण इतकी बारीक आणि इतकी नेमकी असते, की पूर्ण उभी मॉडेल फ्रेममध्ये घेतली की धाग्यांची रांग आणि पिक्सेलची रांग एकमेकांत अडकते आणि साडीवर इंद्रधनुषी लाटा उठतात. मला वाटलं होतं जास्त पिक्सेलनं हा त्रास जाईल. गेला नाही, जागा बदलली. सोनीवर तो पाच पावलांवर यायचा, फुजीवर आणखी थोडं मागं गेलं की. गच्चीवरून खाली उतरलो तेव्हा मॉडेलचे सगळे चांगले फोटो सोनीवरचे होते. फोनच्या स्क्रीनवर दोन्हींतला फरक शेठना ओळखता आला नाही, मलाही नसता आला.

पदराचं काम वरच्या मजल्यावर होतं. जुन्या वाड्याची लाकडी जमीन, खाली माग. पदर सॉफ्टबोर्डवर टाचला, दोन्ही बाजूंनी एलईडी लाइट अगदी तिरपे लावले. पैठणीचा फोटो काढणं हे मुळात जरीशी भांडण असतं. लाइट समोरून टाकला तर जर पांढरी फटक पडते, पोलरायझर लावून चमक मारली तर जर पिवळ्या सुतासारखी दिसते. त्यात ही साडी धूपछांव. ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा, बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या. इकडून बघितलं तर जांभळी, तिकडून बघितलं तर हिरवट. म्हणूनच मोठ्या प्रिंटसाठी आजवर मी जे करत आले, म्हणजे पदर चार तुकड्यांत काढून कॉम्प्युटरवर जोडणं, ते पैठणीला कधीच धड लागू पडत नाही. कॅमेरा जरा सरकला की जरीची चमक बदलते, रंग बदलतो, आणि जोड कितीही लपवला तरी मोराच्या मानेवरून एक रेघ जातेच.

एका फ्रेममध्ये काढायचा म्हटल्यावर मघाचा हिशेब उलटा फिरला. पदर जवळजवळ चौकोनी. सोनीची फ्रेम तीनास दोन, लांबोडकी. चौकोन कापला की दोन्ही बाजू वाया. हातात राहतात चार कोटी पिक्सेल. फुजीची फ्रेम चारास तीन, तिच्यातला चौकोन 8736 बाय 8736, म्हणजे 7 कोटी 63 लाख. जवळपास दुप्पट. हे मी घरी बसून कागदावर मांडू शकले असते, पण 23 टक्क्यांचा आकडा डोक्यात बसला होता तो बसलाच.

एकच उणीव अशी की आठ फुटांवर पसरल्यावर तेसुद्धा इंचाला 91 पिक्सेल एवढंच उरतं. म्हणून पिक्सेल शिफ्ट करून बघायचं ठरवलं. यात कॅमेरा सेन्सर किंचित किंचित सरकवत 16 फ्रेम घेतो आणि नंतर कॉम्प्युटरवर त्यांची 400 मेगापिक्सेलची एक फाइल होते. प्रत्येक ठिकाणचा लाल, हिरवा, निळा खरोखर मोजलेला असतो, त्यामुळे मॉइरेही जातो. अट एकच, काहीही हलता कामा नये. आणि खाली माग चालू. फणीचा प्रत्येक ठोका लाकडी जमिनीतून ट्रायपॉडच्या पायात चढत होता. जोडलेल्या फाइलमध्ये बारीक जाळी उमटली. असिस्टंट म्हणाला, "ताई, माग थांबवायला सांगू?" मी म्हटलं, आपण कोण थांबवणारे? जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबलो. माग थांबला, पंखे बंद केले, श्वास सांभाळून दरवाज्यात उभे राहिलो. फाइल जमली.

जेवून विणकर काका वर आले. साठीच्या पुढचे, हात पुसत पुसत लॅपटॉपसमोर बसले. मी पदर शंभर टक्क्यांवर नेला, एकच बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, स्क्रीनभर. काका काही न बोलता बोटानं धागे मोजल्यासारखं करत राहिले. मग एका ठिकाणी बोट टेकवलं.

"इथं कांडी संपली होती."

मोराच्या पिसाऱ्यापाशी जर जराशी जाड दिसत होती. नवी कांडी, म्हणजे जरीची नवी गुंडाळी, जोडताना दोन टोकं एकमेकांवर आली ती जागा. साडी हातात घेऊनही मला ती दिसली नव्हती. शेठ पाठीमागून वाकून बघत होते. ते लगेच म्हणाले, "मॅडम, हे पुसून टाका. भिंतीवर एवढं मोठं दिसलं तर गिऱ्हाईक म्हणेल डिफेक्ट आहे."

"पुसा की," काका म्हणाले. "मग मशीनची वाटेल."

शेठ गप्प झाले. पैठणीच्या बाजारात त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. पॉवरलूमवरची नक्कल तिच्या किमतीच्या कितीतरी कमी भावात मिळते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. खरी ओळखायची तर साडी उलटवून बघायची. हातमागावर नक्षी धाग्यात धागा अडकवत भरलेली असते, म्हणून पदर पाठीमागूनही तसाच स्वच्छ दिसतो, नकलेच्या पाठीला सुटे धागे लोंबतात. काकांनीच मग सुचवलं, की पाठीचापण एक काढा. सुट्टी संपायच्या आत पदर उलटा टाचला आणि तोही त्याच पद्धतीनं काढला. शेठना आता भिंतीवर दोन्ही हवे होते, शेजारी शेजारी.

उरलेली दुपार दागिन्यांसारख्या मांडलेल्या साड्यांच्या घड्यांची होती. तिथं फुजीचा पुन्हा फारसा उपयोग नाही. घडीला खोली असते. सेन्सर मोठा तशी फोकसची पट्टी अरुंद, सोनीवर एफ 11 ला जेवढं मिळतं तेवढ्यासाठी फुजीवर एफ 14 लागतं, आणि तिथं डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरून येणारा धुरकटपणा, त्या जादा पिक्सेलमधली कमाई खायला लागतं. सपाट वस्तूला हा कॅमेरा राजा, घडी पडली की बरोबरीला. सोळा बिटची एक रॉ फाइल 200 एमबीची. माझा लॅपटॉप संध्याकाळपर्यंत इतका तापला की असिस्टंटनं त्याच्याखाली स्टीलचं ताट सरकवलं.

कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत केला. विकत घेतलेला नाही. वर्षभरातलं माझं बहुतेक काम फोनवर बघितलं जातं, त्यासाठी कर्ज काढायला मी तयार नाही. सपाट कामं, म्हणजे पदर, चित्रं, जुने नकाशे, महिन्याला दोन-तीन यायला लागली तर पुन्हा हिशेब मांडेन, आणि तेव्हा जुन्या पहिल्या 100एसचा सेकंडहँड भावही बघेन. तोवर कोटेशनमध्ये मीडियम फॉरमॅटचं एक दिवसाचं भाडं वेगळी ओळ म्हणून लिहिते. शेठनी पुढच्या कलेक्शनचं कोटेशन मागवलं तेव्हाही लिहिली. त्यांनी नेहमीप्रमाणे घासाघीस केली, मॉडेलची ओळ खोडली, गच्चीची खोडली, कॅमेऱ्याची ठेवली. आणि खाली पेननं लिहून पाठवलं, "जेवायच्या सुट्टीत यावे."