रॅम लॉग: ४८०० ला शहाणी, ६००० ला येडी

पीसी जुळवण्याचा हा लॉग मागच्या वेळी रॅमवर येऊन थांबला होता. तर रॅम ठरली, आली, लागली, आणि मग दोन आठवडे तिनं नुसतं डोकं खाल्लं.

आधी निवड. सीपीयू रायझन ७००० मालिकेतला, म्हणजे एएम५ सॉकेटचा, तिथे डीडीआर५ सोडून काही चालतच नाही, त्यामुळे जुन्या डीडीआर४ स्टिक (रॅमच्या पट्ट्या) बाद, त्यांची खाचच वेगळ्या जागी असते. ६००० स्पीडची सीएल३० की ६००० ची सीएल३६ यावर बराच घोळ घातला (सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक सायकल घेते ते). हिशोब सोपाय, सीएल गुणिले २००० भागिले स्पीड, म्हणजे एकीला १० नॅनोसेकंद, दुसरीला १२. गंमत म्हणजे जुन्या ३२०० सीएल१६ चंही उत्तर १० च येतं, फक्त बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा वाहतो ते) आता जवळपास दुप्पट. सीएल३० घेतली. आता १६ जीबीच्या दोन आणि पुढे अजून दोन असा मोह होता, पण एएमडीनंच या सीपीयूला दोन स्टिकवर ५२०० आणि चारवर ३६०० लिहून ठेवलंय, म्हणजे ६००० हे मुळात ओव्हरक्लॉकच, अधिकृत स्पीडच्या वर पळवणं. मग सरळ ३२ च्या दोन.

स्लॉट ए२ आणि बी२, सीपीयूपासून दुसरा आणि चौथा. पहिल्या बूटला काळी स्क्रीन आणि बोर्डवर डीरॅमचा दिवा पेटलेला, मी घाबरून दोनदा पॉवर बंद केली. ते मेमरी ट्रेनिंग चालू होतं हो, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत होता! तिसऱ्यांदा हात बांधून बसलो तेव्हा काही मिनिटांनी बायोस (बोर्डची सेटिंगची स्क्रीन) आलं. एक्सपो (रॅमचं तयार ओव्हरक्लॉक सेटिंग) ऑन केलं, १.४ व्होल्ट, ६०००, मस्त. (सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसतं ते बरोबर आहे, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, अर्धी रॅम कुठे गेली म्हणून शोधू नका.)

चार दिवसांनी ब्राउझरचे टॅब आपोआप मरायला लागले. गेम मात्र तासन् तास व्यवस्थित, त्यामुळे रॅमवर संशयच नाही, ड्रायव्हर बदलत बसलो. मग एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (म्हणजे डेटा बिघडलाय) आली, तीच फाइल परत उघडली तर बिनतक्रार उघडली, तिसऱ्यांदा परत एरर. डिस्कवरची फाइल तर तीच आहे ना, मग बदलतंय कोण? तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला, पहिल्याच पासमध्ये लाल ओळी. सीमॉस क्लिअर केला (बायोसची सेटिंग मूळपदावर आणली), स्टिकना मास्किंग टेपवर १ आणि २ लिहून चिकटवलं आणि एका रात्रीला एक अशा एकेकट्या तपासल्या. दोन्ही स्वच्छ, शून्य एरर! मग बोर्डवर संशय, मग सॉकेटच्या पिनांवर, कूलर काढून टॉर्चनं एकेक पिन बघितली, पेस्ट परत लावली, सगळं ठीक. वैतागून मोबाइलवर काढलेले टेस्टचे फोटो चाळत होतो आणि एका फोटोत रॅमचा स्पीड दिसला. ४८००.

सीमॉस क्लिअर केल्यावर एक्सपो बंद होतं आणि ते परत ऑन करायचं राहिलं होतं, दोन रात्री मी १.१ व्होल्टवर आरामात झोपलेली रॅम तपासत होतो. स्वतःलाच चार शिव्या घातल्या. एक्सपो लावून परत पहिल्यापासून: १ नंबर स्वच्छ, २ नंबरला ए२ मध्येही एरर आणि बी२ मध्येही. म्हणजे बोर्ड निर्दोष, स्टिकलाच ६००० झेपत नाहीये. आता कोणी म्हणेल ५६०० वर चालव की, पण पैसे ६००० चे मोजलेत. वॉरंटीत टाकलंय, पूर्ण जोडीच बदलून देणार आहेत, ते बरंच आहे, सुट्या स्टिक एकत्र करायची भानगड नको. तोवर मुक्काम ४८०० वर.

विंडोज परत टाकलं, कारण ते याच रॅमवर इन्स्टॉल झालं होतं. त्या चार-पाच दिवसांत जुन्या डिस्कवरून फोटो कॉपी केले होते, त्यांचे हॅश (फाइलच्या डेटावरून काढलेला ठसा) जुळवले, तीन फाइल वेगळ्या निघाल्या. जुनी डिस्क आळसापोटी फॉरमॅट केली नव्हती म्हणून वाचलो, तिन्ही परत कॉपी केल्या.