पुणे ते कन्याकुमारी आणि परत: 232 लिटर पेट्रोलचा हिशोब

2022 च्या पाडव्याला दुपारी घरी पोचलो, अजून पाठ धरलेलीच आहे, पण आत्ताच लिहून टाकतो कारण मे महिन्याच्या सुट्टीत बरेच जण हाच रूट करणार आहेत आणि मला जे कोणी आधी सांगायला हवं होतं ते कोणीच सांगितलं नाही.

गाडी सात सीटर, पेट्रोल, टाकी 45 लिटरची. माणसं पाच आणि सामान भरपूर. मी, बायको, दोन पोरं आणि मेहुणे. निघायच्या आधी हिशोब मांडला होता तो असा, 3,200 किलोमीटर, मायलेज 17, म्हणजे 188 लिटर, सरासरी 102 रुपये धरले तर साधारण 19,200 रुपये. प्रत्यक्षात 3,480 किलोमीटर झाले, 232 लिटर लागलं आणि 24,700 रुपये गेले. साडेपाच हजाराचा फटका. सगळे म्हणतात भाववाढीच्या काळात निघालास म्हणून. तसं नाहीये, आणि तेच सांगायचंय.

भाववाढीचं आधी. नोव्हेंबर 2021 पासून पेट्रोल जागचं हललं नव्हतं. पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या की वाढणार असं जो तो म्हणत होता, निकाल 10 मार्चला लागले, त्यानंतरही दहा-अकरा दिवस काही झालं नाही, युक्रेनच्या युद्धाने क्रूड एवढं भडकलेलं असूनसुद्धा. म्हटलं आता नाही वाढत. 22 ला पहाटे पाचला पुणं सोडलं आणि साताऱ्याच्या पुढे मोबाईलवर बातमी, आज सकाळी सहापासून 80 पैसे वाढ. त्यानंतर 24 मार्च आणि 1 एप्रिल हे दोन दिवस सोडले तर आम्ही रस्त्यावर असताना रोज वाढलं, बहुतेक दिवस 80 पैसे, मधे एकदा 50, एकदा 30. आज 6 एप्रिल 2022 ला हे लिहितोय, दिल्लीत पंधरवड्यात बरोबर 10 रुपये वाढलेत आणि मुंबईत 120.51 झालंय. रोज सकाळी उठलं की पोरं आधी भाव बघायची.

पण घरी येऊन सगळी बिलं समोर ठेवून बेरीज केली तेव्हा कळलं की या वाढीचे आमचे हजाराच्या आत गेले, 930 च्या आसपास. आणि 4,500 गेले ते जास्तीच्या 44 लिटरचे. यातले 16-17 लिटर जास्तीच्या 280 किलोमीटरचे, बाकी मायलेज पडल्यामुळे, आणि मायलेज सगळ्यात वाईट पडलं ते एका पट्ट्यात.

तो पट्टा म्हणजे कासारगोड ते कालिकत. मंगळूर सोडून तलपाडीची सीमा ओलांडली की केरळ सुरू होतं आणि तिथेच रस्ता संपला असं समजा. राष्ट्रीय महामार्ग 66 सहा लेनचा करायचं काम सगळीकडे एकदम काढलं होतं, टेकड्या कापलेल्या, लाल मातीचे ढीग, दर किलोमीटरला डायव्हर्जन, आणि जुना रस्ता दोन लेनचा, गावातून, शाळेसमोरून, बाजारातून जाणारा. एक गाव संपलं की लगेच दुसरं सुरू होतं, मोकळा रस्ता म्हणून मिळतच नाही. त्यात खाजगी बसवाले समोरून अंगावर येतात, आपण मातीत उतरायचं अशी त्यांची अपेक्षा असते. मंगळूर ते कालिकत 235 किलोमीटरला साडेनऊ तास लागले. साडेनऊ! एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर, आणि डॅशबोर्डवर मायलेज 10.8. ऑफिसातल्या एका मित्राने छातीठोक सांगितलं होतं की केरळात रस्ते लोण्यासारखे आहेत, तो पाच वर्षांपूर्वी गेला होता. पाच वर्षांपूर्वीची माहिती कोणाकडून घेऊ नका, गेल्या महिन्यात जो गेलाय त्यालाच विचारा.

या पट्ट्यावर माझं मत स्पष्ट आहे, काम पूर्ण होईपर्यंत जाऊ नका. कोची, अलेप्पी करायचं असेल तर सरळ बंगळूर, सेलम, कोइम्बतूर, पालघाट असे जा. मेहुणे फेब्रुवारीत त्या रस्त्याने आले होते, त्या वाटेवरचे कुतिरानचे दोन्ही बोगदे आता सुरू झालेत त्यामुळे तिथली जुनी कोंडी गेलीये. शंभरेक किलोमीटर जास्त पडतील पण गाडी 80-90 च्या एका लयीत चालते आणि पेट्रोल उलट कमी लागतं. म्हैसूर-बंदीपूर-वायनाडवरून उतरायचा विचार असेल तर बंदीपूरचा रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, त्या हिशोबाने निघा.

आता दुसरी गोष्ट, जिचा मला अजून राग येतोय. माहे.

कन्नूरला टाकी बरीच रिकामी झाली होती म्हणून 31 लिटर भरून फुल केली, केरळच्या भावाने. गर्दी, ऊन, पोरं कावलेली, भरलं आणि निघालो. तासाभरात तलश्शेरीच्या पुढे एका ठिकाणी अचानक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंपच पंप, प्रत्येकावर रांग, ट्रक, बस, रिक्षा सगळे. भावाचा बोर्ड वाचला आणि मी गाडी बाजूला घेऊन थांबलोच. लिटरमागे दहा रुपयांहून जास्त स्वस्त! माहे हा केरळच्या पोटातला तुकडा आहे पण तो पुदुच्चेरीचा, जुनी फ्रेंच वसाहत, आख्खा प्रदेश 9 चौरस किलोमीटरचा, आणि आम्ही गेलो तेव्हा हायवे बरोबर त्याच्यातून जात होता. पुदुच्चेरीने नोव्हेंबरात व्हॅट 7 रुपयांनी उतरवला, केरळने उतरवला नाही. तिथले सगळे ड्रायव्हर टाकी माहेसाठी रिकामी ठेवून येतात. आमची फुल. साडेतीनशे रुपये अक्षरशः फेकले. बारा दिवसांच्या वाढीपेक्षा एका नदीच्या अलीकडे-पलीकडे जास्त फरक. मी एवढं सांगूनही हा रस्ता धरणार असाल तर मंगळूरला टाकी भरा, पुढे केरळात थेंबभर घेऊ नका, तेवढ्यावर माहे आरामात येतं, आणि माहेत फुल करा.

हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे कुठल्याही रूटला उपयोगी पडेल. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. केंद्राची एक्साइज देशभर सारखी, पण राज्याचा व्हॅट ज्याचा त्याचा. नोव्हेंबरात केंद्राने पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपये कमी केले तेव्हा कर्नाटक, गोव्याने वरून आपले 7 कमी केले, आपल्या महाराष्ट्राने केले नाहीत. म्हणून 2022 च्या मार्चमध्ये कागलपर्यंत एक भाव आणि कोगनोळी टोल ओलांडला की लिटरला नऊ-साडेनऊ रुपये कमी होता. निपाणीच्या पंपांवर मराठीतच पाट्या लावल्या होत्या स्वस्त पेट्रोलच्या, चुकायचा प्रश्नच नव्हता. पुण्यातून अर्ध्या टाकीवर निघालो, निपाणीत फुल केली, आणि येताना परत निपाणीत फुल करूनच कागलला शिरलो. ही एक गोष्ट आम्ही बरोबर केली आणि दोन्ही वेळचे मिळून सातशेच्या आसपास वाचले. केरळातून तमिळनाडूत उतरताना पण तेव्हा चार-पाच रुपये कमी होत होते, कळियिक्काविळा ओलांडेपर्यंत दम धरा. तमिळनाडू आणि बंगळूर मात्र तेव्हा जवळजवळ सारखंच होतं, तिथे डोकं चालवायची गरज नव्हती. आणि स्वस्त मिळतंय म्हणून कॅन भरून गाडीत ठेवू नका, माहेत एक जण डिकीत दोन कॅन ठेवताना बघितला, पोरं मागच्या सीटवर. असला जीवघेणा प्रकार साडेतीनशे रुपयांसाठी करायचा नाही.

आम्हाला मात्र दम धरता आला नाही. 28-29 मार्चला देशव्यापी संप होता, अलेप्पीच्या हॉटेलवाल्याने बजावलं की केरळात सगळं कडकडीत बंद असतं, निघायचं तर आजच निघा. म्हणून 27 ला संध्याकाळी पाचला निघालो, कोल्लमच्या पुढे बघतो तर दोन दिवसांच्या भीतीने अख्खं गाव पंपावर. चाळीस मिनिटं उभं राहून 15 लिटर घेतलं, महागाचं. केरळात जाणार असाल तर संप-हरताळ आहे का ते आधी बघाच.

पंपावरची फसवणूक. गावाचं, पंपाचं नाव लिहीत नाही, परतीच्या वाटेवर एका मोठ्या हायवेच्या पंपावर झालं. दोन हजाराचं सांगितलं. एकाने नोझल लावला, दुसरा खिडकीशी येऊन कार्ड की कॅश विचारत राहिला. पाचशेवर मीटर थांबवला, चुकून पाचशेचं मारलं साहेब, उरलेलं मारतो म्हणाला, आणि शून्य न करता त्याच आकड्यावरून पुढे दीड हजारापर्यंत नेला. पाचशे अधिक दीड हजार, झाले दोन हजार, असा त्यांचा हिशोब. गाडीत मिळालं दीड हजाराचंच. मेहुणे खाली उतरून उभे होते म्हणून सापडलं. बिल मागितलं, बिलावर 1,500. वीस मिनिटं वाद घातला, पाच लिटरचं माप आणा म्हटलं तेव्हा पाचशे परत आले. ते माप प्रत्येक पंपावर असायलाच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. गाडीत बसून पेट्रोल भरायचं नाही. एकाने उतरायचंच, शून्य बघायचं, मधे थांबला तर पैसे देण्याआधी बिल घ्यायचं.

अलेप्पी, कन्याकुमारी, गोकर्ण छान झालं, फोटो नंतर टाकतो. मदुराई ते बंगळूर ते हुबळी रस्ता उत्तम, मायलेज 17.5 मिळालं, गाडी पण खूश आणि मी पण.

टोलचं राहिलं. 1 एप्रिलला पेट्रोल वाढलं नाही म्हणून बरं वाटलं तर त्याच दिवसापासून टोल वाढले, बहुतेक दरवर्षी त्या तारखेला वाढतात. बंगळूर ते पुणे पट्टीत नाके भरपूर आहेत, फास्टॅगमध्ये जाताना कापले तेवढेच ठेवलेत असं करू नका, आमचा हुबळीच्या अलीकडे संपला आणि नाक्यावर दुप्पट भरावे लागले.